तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्या भाचीला

बोम्मसंद्रा, बंगळूर

चि. बाळ,


कर्नाटक राज्य बार कौन्सिलच्या एका शिस्तपालन समितीवर तुला स्वीकृत सदस्य म्हणून घेतल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातून पदवी घेऊन तू बंगळूरला आलीस, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात आपली ओळख ना पाळख, कसे होणार, अशी तुझ्या आईला धास्ती होती. आज तुझ्या व्यवसायातल्या लोकांनी तुला आपल्याच लोकांचा न्याय करायला बोलावले आहे. फोनवर तू म्हणालीस, ‘मामा, तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.’ म्हणून लिहितो. मी वकील नाही. माझी नोकरी बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या कामगार खात्यात गेली. पण वकिलासमोर बसलेला पक्षकार मी वर्षानुवर्षे जवळून पाहिला आहे, आणि तुमच्या कायद्याची पाने त्याच्यासाठी अनेकदा उलटली आहेत. तेव्हा हे पत्र त्याच्या बाजूने आहे असेच समज.

आधी तुझ्या खुर्चीविषयी. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ९ प्रमाणे समिती तिघांची. दोघे कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून, आणि तिसरा बाहेरचा, किमान दहा वर्षे वकिली केलेला, कौन्सिलचा सदस्य नसलेला. ही तिसरी खुर्ची तुझी. तुझ्याबरोबरचे दोघे सज्जन असतील, अभ्यासू असतील, त्यात मला शंका नाही. पण त्यांना पुन्हा मते मागायला जायचे असते, आणि ती मते वकिलांचीच असतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मतदार. त्याचा सीनियर मतदार. त्याच्या बार असोसिएशनचा अध्यक्ष तर मतांचा गठ्ठाच बाळगून असतो. इंग्लंडात सॉलिसिटरांच्या शिस्तपालन न्यायाधिकरणात दोन सॉलिसिटर आणि एक वकिली व्यवसायाबाहेरचा सामान्य नागरिक बसतो. आपल्याकडे असा नागरिक नाही. त्याच्या जागी कायद्याने निदान मतांशी देणेघेणे नसलेला एक माणूस बसवला आहे. तुला कुणी निवडून दिलेले नाही, हीच तुझी ताकद आहे. कुणाचा फोन आला, ‘आपलाच माणूस आहे, जरा बघा’ असे कुणी म्हणाले, तर नम्रपणे सांग की प्रकरण समितीपुढे आहे, त्याविषयी मी बाहेर बोलत नाही. एकदा सांगितलेस की पुढे फोन येणार नाहीत.

आता ज्याच्यामुळे हे सगळे लिहावेसे वाटले त्याच्याविषयी. निपाणीकडचा एक कामगार आमच्या कारखान्यात होता. रात्रपाळीला सायकलवरून येताना होसूर रस्त्यावर ट्रकने उडवले. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नाही. इस्पितळातच एका वकिलाच्या माणसाने गाठून त्याच्या सह्या घेतल्या: वकालतनाम्यावर, आणि त्याबरोबर तीन-चार कोऱ्या कागदांवर. फी काही नाही, भरपाई मिळाली की त्यातला वाटा, असे ठरले. दावा चालला, न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, रक्कम त्याच्या नावावर बँकेत आली. फक्त पासबुक आणि सही केलेल्या स्लिपा वकिलाकडे होत्या. जेव्हा हा माणूस पासबुक घेऊन माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा त्यात शिल्लक म्हणून काही उरले नव्हते. स्लिपांवरची सही त्याचीच होती, आणि ती आपणच केली हे त्याला कबूल होते. रक्कम मात्र त्याने लिहिलेली नव्हती. आकडा वेगळ्या शाईत, वेगळ्या वळणात होता. कुणालाही उघड्या डोळ्यांनी दिसावा असा.

मी म्हटले, बार कौन्सिलकडे तक्रार कर, मी लिहून देतो. निकालाच्या रकमेतून वाटा ठरवून घेणे हेच मुळी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाला मना आहे. अशिलाच्या पैशाचा चोख हिशेब ठेवायचा आणि मागितला की द्यायचा, असाही नियम आहे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘साहेब, वकिलाविरुद्ध वकिलांकडेच जायचं?’ आणि तक्रार न करताच गावी निघून गेला.

त्याचा तो प्रश्न तू कायम समोर ठेव. तुझ्या समितीपुढे जे येतील ते या प्रश्नावर मात करून आलेले असतील. त्यांना त्या पायरीपर्यंत येण्याची काय किंमत पडते ते बघ. बोम्मसंद्र्याहून तुमच्या आंबेडकर वीधीवरच्या जुन्या केजीआयडी इमारतीत जायचे म्हणजे आता मेट्रो तरी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पिवळी मार्गिका सुरू झाली, आर. व्ही. रोडला गाडी बदलायची, मॅजेस्टिकला पुन्हा बदलायची, आणि विधानसौधला उतरायचे. पण जाऊन येऊन तारखेचा पूर्ण दिवस मोडतो, आणि कंत्राटी कामगाराचा मोडलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्याची तक्रार इंग्रजीत, हिंदीत किंवा राज्यभाषेत चालते, म्हणजे इथे कन्नडमध्ये. मराठी, तेलुगू, ओडिया बोलणारा माणूस ती दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि लिहून देणारा आपल्या पदरचे चार शब्द घालतो. तेव्हा अर्जातली भाषा फुगलेली दिसली म्हणून तक्रारच खोटी असे मानू नकोस. त्याला समोर बसवून, लागल्यास दुभाषा घेऊन, ‘काय झाले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचार. कलम ४२ ने तुमच्या समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत: समन्स काढायचे, शपथेवर जबाब घ्यायचा, कागद मागवायचे. बँकेची मूळ स्लिप मागवायला त्या कामगाराला जमत नाही, तुम्हाला जमते. मग मागवा. तक्रारदाराने पुरावा आणला नाही असे लिहून मोकळे होणे सोपे असते, पण तो कागद त्याच्या हाती येण्यासारखा होता का, हे आधी पाहावे लागते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. कलम ३६ब सांगते की तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात ती निकाली काढायची. नाही काढली तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. कायदा करणाऱ्यांच्या मनात यातून धाक निर्माण व्हावा असे असेल. प्रत्यक्षात ही पळवाट झाली आहे. कुणालाच आपल्या ओळखीच्या वकिलाविरुद्ध निकाल लिहायचा नाही, म्हणून तारीख, पुढची तारीख, लेखी म्हणण्यासाठी मुदत, मग आणखी मुदत. वर्ष उलटले की फाइल बांधून दिल्लीला. हात झटकले की झाले. तुमच्याच शहरातले उदाहरण घे. के. अंजिनप्पा विरुद्ध के. सी. कृष्णा रेड्डी या प्रकरणातली तक्रार कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडची. वर्षाची मुदत उलटून ती दिल्लीला गेली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. १७ डिसेंबर २०२१ ला न्या. एम. आर. शाह आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने सांगितले की राज्य कौन्सिलांनी एका वर्षात निकाल द्यायलाच हवा, आणि वर्ग होऊन आलेली प्रकरणे बार कौन्सिल ऑफ इंडियानेही वर्षभरात संपवायला हवीत. हा निकाल वाचून काढ, समितीतल्या दोघांनाही वाचायला दे. वर्ष संपल्यावर फाइल पाठवणे हा निर्णय नव्हे, हे एवढ्या वरून सांगितले गेल्यावर तरी ते मनावर घ्यायला हवे.

यात एक बारकावा आहे, तो तुला ठाऊक असेलच, तरी लिहितो. एखाद्या तारखेला एक सदस्य गैरहजर असला तरी काम चालू शकते, पण शिक्षेचा किंवा तक्रार फेटाळण्याचा अंतिम आदेश अध्यक्ष आणि दोन्ही सदस्य हजर असल्याखेरीज देता येत नाही. म्हणजे तिघांपैकी एकाने ऐन वेळी यायचे टाळले तर निकाल अडतो. तू कधी ती एक होऊ नकोस. उच्च न्यायालयातले तुझे मोठे काम त्या दिवशी बोर्डावर आले तर तिथे मुदत माग, इथे नको. आणि रोजनाम्यात दर तारखेला स्पष्ट लिहिले जाईल याकडे बघ: मुदत कुणी मागितली, कोणत्या कारणासाठी, कुणी विरोध केला. ‘तहकूब’ एवढाच शब्द लिहिलेला रोजनामा नंतर कुणाच्याही कामाचा नसतो. अध्यक्षपद ज्येष्ठतेने जाते, ते तुझ्याकडे नसेल. पण रोजनाम्यातली नोंद नीट व्हावी असा आग्रह धरायला अध्यक्ष असावे लागत नाही.

पूर्वी मी अशा पक्षकारांना म्हणत असे, बार कौन्सिलकडे नाही तर ग्राहक मंचात जा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ साली वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात तो दरवाजा बंद केला. वकिलीचा व्यवसाय इतर धंद्यांसारखा नाही, ही न्यायालयाची भूमिका मला पटते की नाही हा वेगळा प्रश्न; पण त्याचा परिणाम तुझ्या खुर्चीवर थेट होतो. फसलेल्या अशिलाला दिवाणी दावा आहे, फौजदारी फिर्याद आहे, दोन्हींना पुन्हा वकीलच लागतो. वकिलाशिवाय जाऊन उभे राहता येईल असे दार तुमच्याकडचे. ग्राहक मंच नको, आमचे आम्ही बघू, असे वकिलांनी मिळून न्यायालयात सांगितले. मग आता बघायला हवे.

तडजोडीविषयी सावध राहा. प्रकरण रंगात आले की एके दिवशी तक्रारदार पुरसिस घेऊन येतो: आमचे आपसात मिटले, तक्रार मागे घेतो. पैसे परत मिळाले असतील तर त्या माणसाचा आनंद खराच असतो, त्याला दोष देऊ नकोस. पण नियम असा आहे की तक्रार मागे घेतली, मिटवली किंवा तक्रारदाराला पुढे चालवायची इच्छा नाही, एवढ्यावरून चौकशी बंद करता येत नाही. हा नियम फार शहाणपणाने केलेला आहे. अशिलाचे पैसे खाणे हे त्या दोघांतले उसनवारीचे भांडण नाही. आज एकाचे परत केले म्हणून उद्या दुसऱ्याचे खाल्ले जाणार नाहीत याची हमी कोण देणार? पुरसिस आली की तक्रारदाराला एकट्याला विचार, रक्कम खरोखर मिळाली का, कशी मिळाली, दबाव होता का. उत्तरे नोंदव. मग पुढे काय ते ठरवा.

आता दुसरी बाजू, कारण मी लिहिलेले वाचून तू एकांगी व्हावीस अशी माझी इच्छा नाही. सनद जाणे म्हणजे माणसाचे पोट जाणे, आणि त्याहून जास्त म्हणजे नाव जाणे. म्हणून पुरावा फौजदारी खटल्यासारखाच भक्कम हवा. संशय राहिला तर त्याचा फायदा वकिलाला. खटला हरला म्हणून केलेली तक्रार ही गैरवर्तणुकीची तक्रार नव्हे. साधी चूक, मुदत हुकणे, एखादा मुद्दा न सुचणे, यात अप्रामाणिकपणा नसेल तर तेवढ्यावर सनदेला हात लावता येत नाही. आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाला वठणीवर आणण्यासाठी केलेल्या तक्रारी तर ओळखायलाच हव्यात. आपल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात फटकारले. तक्रारदार त्या वकिलाचा अशीलही नव्हता, आणि कौन्सिलने काही कारण न लिहिता प्रकरण समितीकडे धाडले होते. कौन्सिललाच ५० हजार रुपये भरायला लावले. कलम ३५ मध्ये ‘विश्वास ठेवण्यास कारण’ असले पाहिजे असे म्हटले आहे. ते कारण कागदावर दिसायला हवे, हे १९८० सालीच गुजरातच्या नंदलाल बारोट प्रकरणात सांगून झाले होते. पोकळ तक्रार वर्षभर झुलवत ठेवणे हाही त्या वकिलावर अन्यायच. पहिल्या-दुसऱ्या तारखेला दिसले की यात काही नाही, तर कारणे लिहून फेटाळून टाका. लवकर निकाल हा दोघांचाही हक्क आहे.

आणि विचारांमुळे कुणाची सनद जाऊ देऊ नकोस. शिस्तीच्या नावाखाली हे आधी झालेले आहे. १९०९ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या वकील-संस्थेने बॅरिस्टरीची परीक्षा दिलेल्या सावरकरांना बारवर घेतले नाही, आणि त्याच वर्षी इनर टेंपलने श्यामजी कृष्ण वर्मांचे नाव कापले. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर गांधींचेही नाव तिथून गेले. गांधींचे नाव परत लागले १९८८ मध्ये, श्यामजींचे २०१५ मध्ये. दोघेही तेव्हा हयात नव्हते. एखादा वकील न पटणाऱ्या माणसाचे वकीलपत्र घेतो, मोर्चात जातो, सरकारविरुद्ध किंवा सरकारच्या बाजूने बोलतो, तुझ्या भाषेविरुद्धही बोलतो, यातले काहीही तुमच्या समितीचे काम नाही. सीमाभागात वाढलेल्या तुला हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

शिक्षेचे माप कसे धरावे यासाठी मला एक निकाल फार आवडतो. भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेचे काम सुटल्यावर फी थकली म्हणून तिच्या फाइली अडवून ठेवल्या. राज्य कौन्सिलने वर्षभरात काही केले नाही, प्रकरण दिल्लीला गेले, आणि तिथे दीड वर्ष सनद निलंबित झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, आर. डी. सक्सेना प्रकरणात, नियम पक्का करून टाकला: फी थकली तरी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, फीसाठी वेगळे उपाय आहेत. पण तोवर कायदा इतका स्पष्ट नव्हता, म्हणून त्या वकिलाची शिक्षा ताकिदीवर आणली. तत्त्व कडक आणि माणसाशी वागणे न्यायाचे, दोन्ही एकाच निकालात. तुझ्या टेबलावर अडवलेल्या फाइलींच्या तक्रारी हमखास येतील. त्यांत आधी कागद परत मिळतील असे बघ, कारण पुढची मुदत तक्रारदाराची चालू असते. शिक्षेचा विचार मागाहून.

मात्र जिथे फसवणूक ठरवून केलेली आहे, तिथे हात आखडू नकोस. राजस्थानातल्या डी. पी. चढ्ढा प्रकरणात सही केलेल्या कोऱ्या वकालतनाम्याच्या आधारे अशिलाच्या पाठीमागे तडजोड दाखल झाली होती. आमच्या निपाणीच्या माणसाचे कोरे कागद त्याच जातीचे. आणि मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाच्या दारात पक्षकारांवर झडप घालून वकीलपत्रे खेचणाऱ्यांना महाराष्ट्र बार कौन्सिलने तीन वर्षे निलंबित केले, दिल्लीच्या समितीने त्यांना सोडले, तेव्हा महाराष्ट्र कौन्सिल गप्प बसली नाही, ती स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ मध्ये, दाभोळकर प्रकरणात, तिचा तो अधिकार मान्य केला. राज्य कौन्सिल ही नुसती तक्रारी पुढे ढकलणारी कचेरी नाही, व्यवसायाच्या लौकिकाची आणि जनतेच्या हिताची राखण करणारी संस्था आहे, हे त्या निकालाने ठरले. ज्या कौन्सिलने आपल्याच वकिलांविरुद्ध इतक्या वर जाऊन भांडण केले, तिचा मला अभिमान वाटतो. बंगळूरच्या कौन्सिलविषयीही तसाच वाटावा असे काम तुमच्या हातून होवो.

निकाल लिहायची पाळी तुझ्यावर आली तर तो असा लिही की हरलेल्यालाही आपण का हरलो ते समजेल. तक्रार फेटाळलीस तर तक्रारदाराला कन्नडमध्ये, जमल्यास त्याच्या भाषेत, तोंडी समजावून सांग, आणि साठ दिवसांत अपील करता येते हेही सांग. बहुतेकांना ते माहीत नसते.

तुझी पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे म्हणालीस. जायच्या आधी समितीपुढच्या सगळ्या फाइली मागवून घे आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिही: तक्रार कधी आली, आणि एक वर्ष कधी पुरे होते. ज्यांची मुदत सर्वांत आधी संपते त्या त्याच बैठकीत बोर्डावर लावून घे.

तुझा,
मामा